सुखना तलावातला सोन्याचा नारळ

माझ्या सासूबाईंनी चंडीगडला पहिल्याच सकाळी नापास करून टाकलं. अडतीस सेक्टरातल्या आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या राहून त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, रस्त्याकडेच्या झाडांच्या सरळ रांगा पाहिल्या आणि मला विचारलं, "गो, ह्या गावान मानसा रहतान, का नुसती झारा?"

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. त्या आल्या होत्या मुंबईच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातून. तिथे एका घरातल्या फोडणीने पलीकडच्या चार घरांत शिंका येतात. कोळीवाडा संपला की ख्रिस्ती लोकांचं गावठाण, त्यापुढे गुजराती दुकानदारांची गल्ली, मग दक्षिणेकडच्या नोकरदारांची कॉलनी, आणि या सगळ्यांना मिळून एकच दर्या. आमच्याकडे डोळे मिटून चाललं तरी माणूस चुकत नाही, असं त्या सांगायच्या. सुक्या मासळीचा वास आला की घर आलं, पाव भाजल्याचा आला की गावठाण, गाठिया तळल्याचा आला की गुजराती गल्ली, कॉफीचा आला की कॉलनी. आणि इथे कशालाच वास नाही, सगळ्याला नुसते आकडे.

मग त्यांनी त्या आकड्यांनाच नावं ठेवली. मोठं सरकारी हॉस्पिटल असलेला बत्तीस सेक्टर म्हणजे 'सुयांचा'. त्यांचा मोठा मुलगा, म्हणजे माझा नवरा, ज्या संशोधन संस्थेत होता तो एकोणचाळीस म्हणजे 'बुरशीचा'. नवरा बुरशीवर संशोधन करायचा. लोणच्यावरची बुरशी आपण आयुष्यभर फुकट काढून टाकली आणि याला ती वाढवायला सरकार पगार देतं, हे कोडं त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही. या शहरात तेरा नंबरचा सेक्टरच नाही, हे कळल्यावर तर त्यांनी दूधवाल्यालाच जाब विचारला, "तेरा किसने खाया?"

मी स्वतः नगरकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर, आणि मासा म्हणजे राशिभविष्यातली शेवटची रास. त्यामुळे या सगळ्या प्रकारात माझं मत कुणी विचारत नसे.

त्या दिवसांत पंजाब दहशतवादाने पेटलेला होता. चौकाचौकांत वाळूच्या गोण्या, त्यामागे बंदुकीची नळी, आणि बसपासून सिनेमापर्यंत जिथे तिथे पाटी, की बेवारशी वस्तूला हात लावू नका. आत बॉम्ब असेल म्हणून माणसं डब्याला घाबरत, ट्रान्झिस्टरला घाबरत. आमच्या गल्लीत एकदा कुणाचा तरी प्रेशर कुकर दुपारभर रस्त्यात एकटाच बसला होता आणि सबंध गल्ली मागच्या दाराने ये-जा करत होती. शेवटी ज्या बाईंचा तो होता, त्या येऊन त्याला ओरडतच घरी घेऊन गेल्या. अशा दिवसांतही लोक हसत होते, भांडत होते, गच्चीवर वाळवणं घालत होते.

गच्चीवरून तर आमच्याकडे युद्धच चाललं होतं. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई, ज्यांना सगळे आंटीजी म्हणत, गच्चीवर उडदाच्या वड्या वाळवायच्या. सासूबाईंनी चंडीगडमधली एकच गोष्ट पास केली होती, ती म्हणजे ऊन. त्यांनी माहेरवाशिणीसारखं जपून आणलेलं सुकट वड्यांच्या शेजारी पसरलं. आंटीजी नाकाला ओढणी लावून वर आल्या. सासूबाईंना त्या बीजी म्हणत, म्हणजे आई. "बीजी, ये क्या मरा है?" सासूबाईंनी वड्यांकडे बोट दाखवून विचारलं, "और ये क्या मरा है?" त्या दिवसापासून गच्चीच्या मधोमध खडूची एक रेघ आली, आणि दोन्ही बाजूंनी रोज ती आपापल्या सोयीने सरकू लागली.

आंटीजींचा मुलगा रोपडच्या कॉलेजात शिकवायला होता. रोज सकाळी बसने जायचा, संध्याकाळी बसने यायचा. बस थांबवून माणसं मारल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात येत. आंटीजी त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. फक्त संध्याकाळ झाली की गेटपाशी रबरी नळी घेऊन गुलाबांना पाणी घालत उभ्या राहायच्या. मुलगा गेटातून आत येईपर्यंत पाणी चालूच. ते गुलाब कुजायला आले होते.

सासूबाईंचाही एक जीव बाहेर होता. माझा धाकटा दीर मालवाहू जहाजावर होता आणि तेव्हा कुठल्यातरी लांबच्या समुद्रात होता. त्याच्यासाठी नारळी पौर्णिमेला दर्याला सोन्याचा नारळ द्यायचा, हा त्यांचा नेम. सोन्याचा म्हणजे सोनेरी कागदात गुंडाळलेला, शेंडी तेवढी बाहेर. पौर्णिमेआधी त्यांना कोळीवाड्यात पोहोचायचंच होतं. तिकीटही काढलेलं होतं. पण ऐन निघायच्या वेळी बंद पुकारला गेला, मग कर्फ्यूची अफवा उठली, गाडी रद्द झाली आणि सासूबाई अडकल्या.

त्या रडल्या नाहीत. स्वयंपाकघरात आल्या, कांदा कापणाऱ्या माझ्यासमोर पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "एका सालाला नारल लाटेनं परत आनून टाकला. मंग त्याच मोसमाला माजे भावाची होरी आली नाय." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातली सुरी घेतली आणि उरलेला कांदा स्वतः कापला. मला भीती वाटली. सासूबाईंचा आवाज मी तोवर कधी इतका हळू ऐकला नव्हता.

"आई, इथे सुखना तलाव आहे की," नवरा म्हणाला. "पाणी ते पाणी."

"बुरशी ती बुरशी का रं?" सासूबाईंनी विचारलं. पण दुसरा इलाज नव्हता. त्यांनी गावाहून दोन नारळ आणले होते. एक दर्याला आणि एक नारळीभाताला, असं ठरलं.

आमची नारळी पौर्णिमा म्हणजे तिकडची राखी. बाजार चमचमत होता, त्यामुळे सोनेरी कागद सहज मिळाला. आंटीजींचा मुलगा बहिणीकडून राखी बांधून घ्यायला सकाळच्या बसने लुधियान्याला गेला होता. एकटं घरात बसवेना म्हणून गच्चीचं भांडण तेवढ्यापुरतं बाजूला ठेवून त्याही आमच्याबरोबर निघाल्या. सासूबाई मुलाच्या स्कूटरवर, आम्ही दोघी रिक्षात.

तलावाच्या दाराशी झडती होती. बायकांची झडती घेणारी शिपाईण जेवायला गेलेली, त्यामुळे सासूबाईंच्या पदराखाली काय आहे ते कुणी पाहिलं नाही. पायऱ्यांवर पोहोचल्यावर त्यांनी सुखना तलाव निरखला. ऊन लख्ख पडलेलं, मागे डोंगर, पाणी गार पडलेल्या चहासारखं स्थिर. "लाट कवा येते?" त्यांनी विचारलं. येत नाही म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला.

तरी त्यांनी हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत नारळ पाण्यात सोडला. नारळ जरा पुढे गेला, थबकला आणि हळूहळू पायरीशी परत आला. त्यांनी जोरात ढकलला. तो पुन्हा आला. नवऱ्याने ढकलला, मी ढकलला, नारळ आपला सासरी न नांदणाऱ्या मुलीसारखा परत माहेरी. शेंगदाणे खात उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला, "पत्थर बांध दो जी." सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो शेंगदाण्यांसकट निघून गेला.

मग त्या पायरीवर मटकन बसल्या. "घेत नाय गो," त्या मला म्हणाल्या. माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण त्या क्षणी तो नारळ मी दातात धरून पोहत नेला असता. मला पोहता येत नाही हा भाग वेगळा.

शेवटी पायांनी पेडल मारायची होडी भाड्याने घेतली. आंटीजींनी पाण्यात यायला साफ नकार दिला आणि दुसऱ्या नारळाची पिशवी छातीशी धरून त्या काठावर बसल्या. होडीत पुढे मायलेक, मागे मी. आमच्या शास्त्रज्ञांनी जी होडी मारली, ती जागच्या जागी गोल फिरली. पुन्हा मारली, उलटी फिरली. काठावर टाळ्या पडल्या. पिढ्यान्‌पिढ्या दर्यात होड्या घालणाऱ्या घराण्याची अशी शोभा झाल्यावर सासूबाईंनी लेकाच्या हातातला होडी वळवायचा दांडा हिसकावला, लुगडं सावरलं आणि असे काही पेडल मारले की बाकीच्या होड्या आपोआप बाजूला झाल्या. मधोमध पोहोचल्यावर त्यांनी वारा कुठला आहे ते पाहिलं आणि नारळ सोडला. या वेळी तो डोंगरांच्या दिशेने निघाला. परत आला नाही.

"घेतला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की मीही उगीचच हसत सुटले.

आम्ही काठावर येऊन नीट बसलोही नव्हतो, तोच शिट्ट्या सुरू झाल्या. सगळ्या होड्या परत बोलावल्या गेल्या. शिपाई लोकांना मागे रेटू लागले. एक जाडजूड सरदारजी थानेदार वॉकीटॉकी घेऊन धावत आला. दुर्बीण लावलेला एक जवान त्याला माहिती देत होता, "गोल है सर. सोने जैसा चमक रहा है. ऊपर से बत्ती निकली हुई है."

"बत्ती जल रही है?"

"भीगी हुई लगती है सर."

बत्ती म्हणजे आमच्या नारळाची शेंडी. हे कळताच मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ओठ न हलवता सांगितलं, "आई, गप्प राहा. आपण गुपचूप घरी जाऊ. नाहीतर ठाण्यात नेतील, माझी नोकरी जाईल." सासूबाई गप्प राहिल्याही असत्या. पण तेवढ्यात थानेदाराने हुकूम दिला की लांबूनच गोळी घालून ती वस्तू उडवा, आणि एका जवानाने गुडघा टेकून बंदूक रोखली.

"अय!" सासूबाई ओरडल्या. ही हाक कोळीवाड्याच्या बंदरावरून थेट होडीपर्यंत पोहोचवायची हाक होती. जवानाचा नेम हलला. त्या रेटारेटीतून सरळ थानेदारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "वो हमारा नारल है. गोली नाय मारनेका."

"आपका क्या है, बीजी?"

आता गप्प बसणं शक्य नव्हतं म्हणून नवरा मदतीला धावला. घाबरला की तो प्रयोगशाळेतलं बोलतो. "सर, घबराने की बात नहीं," तो म्हणाला, "वो सिर्फ एक बायोलॉजिकल चीज़ है."

"बायोलॉजिकल?" थानेदार दोन पावलं मागे सरकला आणि त्याच्या मागचे शिपाई चार. वॉकीटॉकीवर तो काहीतरी भरभर बोलू लागला. मी नवऱ्याला चिमटा काढला. इतक्या वर्षांच्या संसारात इतका मनापासून काढलेला चिमटा तोच.

शेवटी आंटीजी उठल्या. "ओए पुत्तर, नरेल है, नरेल!" त्यांनी थानेदाराला खडसावलं. "मंदिर में नहीं चढ़ाते? ये पानी में चढ़ाते हैं. इनका मुंडा जहाज पे है."

थानेदार जरा थंड झाला, पण माघार घेईना. नारळ असेल तर बाहेर काढून, फोडून पाहू, म्हणाला. झालं! दिलेला नारळ परत घ्यायचा आणि वर फोडायचा, म्हणजे त्या सालच्या लाटेने जे केलं तेच पोलिसांनी करायचं. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "दर्याला दिला, आता तो दर्याचा. तुमको नारल देखनेका है? देखो." त्यांनी आंटीजींच्या हातातून पिशवी ओढली, नारळीभाताचा नारळ काढला आणि दगडी कठड्यावर एका फटक्यात फोडला.

टक्क आवाजाबरोबर दोन शिपाई खाली बसले. नारळाचं पाणी थानेदाराच्या चकचकीत बुटांवर उडालं. मग सासूबाईंनी खोबऱ्याचा तुकडा काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो हातात फिरवून पाहिला, वास घेतला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला.

"मीठा है," तो म्हणाला, आणि बंदूकवाल्याला हाताने खूण केली. बंदूक खाली झाली. मग शिपायांनाही तुकडे मिळाले, दुर्बीणवाल्याला जरा मोठा मिळाला. दूर पाण्यात तो सोनेरी ठिपका डोंगरांकडे चालला होता आणि सबंध बंदोबस्त खोबरं खात त्याच्याकडे बघत उभा होता.

घरी आलो तेव्हा आंटीजींच्या मुलाची यायची वेळ झाली होती. तो आला नाही. आंटीजींनी नळी सोडली. पाणी गुलाबांच्या वाफ्यातून रस्त्यावर आलं, तरी तो आला नाही. मी गॅलरीतून पाहत होते. खाली जाऊन काय बोलावं ते सुचत नव्हतं.

सासूबाईंना बोलायची गरजच पडली नाही. त्या उरलेलं खोबरं आणि विळी घेऊन खाली गेल्या, नळ बंद केला, आंटीजींना गेटाशी पाटावर बसवलं आणि त्यांच्या हातात नारळाची वाटी दिली. "खवा," म्हणाल्या. आंटीजींनी जन्मात नारळ खवला नव्हता. अर्धं खोबरं ओढणीवर, थोडं केसांत. सासूबाई प्रत्येक चुकीला कोळी भाषेत ओरडत होत्या, आंटीजी पंजाबीत उत्तर देत होत्या, आणि दोघींचे डोळे रस्त्याच्या टोकाला होते.

दिवेलागण होता होता तो आला. वाटेत पोलिसांनी बस थांबवून प्रत्येकाचा मिठाईचा डबा उघडून पाहिला होता, म्हणून उशीर. आंटीजींनी आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला, मग त्याला घट्ट धरलं. त्याच्या शर्टावर पाठभर खोबरं लागलं. रात्री त्यांच्याकडचे चेपलेले लाडू वर आले आणि आमचा नारळीभात खाली गेला.

दुसऱ्या दिवशी आंटीजी जिना चढून आल्या. त्यांच्या हातात सोनेरी कागदातलं काहीतरी होतं. सासूबाईंनी कागद उघडला. आत रसवाल्याच्या गाडीवरचं शहाळं होतं, वरून छाटलेलं, आणि भोकात नळीसुद्धा तशीच.

"मेरा वाला भी डाल दो, बीजी," आंटीजी म्हणाल्या. "वो जहाज पे नहीं है. पर वो भी रोज जाता है."

माझ्या सासूबाई नारळाच्या बाबतीत प्रत्यक्ष देवाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. छाटलेलं शहाळं, तेही पौर्णिमा उलटून गेल्यावर! त्यांनी नळी काढली, भोकात कागदाचा बोळा घट्ट बसवला, पुन्हा कागद गुंडाळला आणि मला म्हणाल्या, "रिक्षा बोलव गो."

तलावावर तोच थानेदार होता. दोन म्हाताऱ्या आणि त्यांच्या हातातली सोनेरी वस्तू पाहून त्याने लांबूनच हसत हात जोडले. "बीजी, आज फिर?"

"आज इनका," सासूबाई म्हणाल्या.

"इनका भी जहाज पे है?"

"बस में है," आंटीजी म्हणाल्या. "रोज रोपड़."

थानेदार हसायचा थांबला. त्याने वळून शिपायांना ओरडून सांगितलं की पाण्यात नारळ आहे, कुणी बंदूक उचलू नका. होडीची साखळी त्याने स्वतः सोडली. काल पाण्यात यायला नकार देणाऱ्या आंटीजीही आज आमच्याबरोबर होडीत बसल्या. मध्यावर जाऊन सासूबाईंनी शहाळं सोडलं आणि हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "दर्यादेवा, हिचा पोर पान्यान नाय, रस्त्यान असतं. तरी बघ." शहाळं तिरकं तिरकं तरंगत गेलं. आंटीजींना शब्द कळले नसावेत, पण त्यांनी ओढणी डोळ्यांना लावली.

काठावर उतरताना थानेदाराने हात दिला. मग तो आजूबाजूला पाहून हळूच म्हणाला, "ये मिलता कहां है?"

"छब्बीस की मंडी में," आंटीजी म्हणाल्या. "पूरा लेना, कटा हुआ मत लाना, बीजी गुस्सा करती हैं. तेरे कितने बच्चे हैं बाहर?"

"बच्चे तो छोटे हैं जी," तो म्हणाला. "बाहर तो मैं ही हूं. शाम को गेट पे मेरी मां खड़ी रहती है."

तो काय म्हणाला, असं सासूबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी त्याला पगडीपासून खालपर्यंत पाहिलं, कालच्या पाण्याचे डाग पडलेल्या त्याच्या बुटांपर्यंत, आणि म्हणाल्या, "त्याला सांग, मंडीन जाऊ नको. याचा नारल मीच आनीन."